सोडचिठ्ठी या शब्दाचा नेमका अर्थ

रेवदंड्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत लहानथोर मिळून छत्तीस माणसे आहेत. त्यांपैकी इंग्रजी नीट वाचता येणारी तीन, आणि त्या तिघांत बायबलच्या इंग्रजी भाषांतरांविषयी मते तीन. छत्तीसच्या आकड्याला मराठीत जो अर्थ आहे तो आमच्या बाबतीत योगायोगाने आलेला नसावा.

पाळक विनेश चार वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका शास्त्रशाळेतून आमच्याकडे आले ते काळ्या चामड्याच्या बांधणीचे, सोनेरी कडांचे एक इंग्रजी बायबल घेऊन. चारशे वर्षांपूर्वी एका राजाच्या आज्ञेवरून झालेले ते भाषांतर निर्दोष आहे, त्यातला शब्दन् शब्द देवाने राखला आहे, आणि त्यानंतर झालेली सगळी भाषांतरे म्हणजे दुधात पाणी, असे त्यांचे मत होते. आमच्या मराठी बायबलालाही ते त्याच इंग्रजीच्या मापाने मोजत, आणि जेथे मराठी कमी भरे तेथे व्यासपीठावरून खेद व्यक्त करीत. दुसऱ्या बाजूला हर्षद. खाडीपलीकडच्या एका कारखान्यात तो अभियंता आहे आणि मंडळीचा खजिनदार आहे. त्याच्या मोबाइलवर एक अगदी नवे भाषांतर होते. जुन्या भाषांतरकारांपाशी नव्हती इतकी प्राचीन हस्तलिखिते आता सापडली आहेत, म्हणून जितके नवे तितके अचूक, हा त्याचा सिद्धान्त. दर रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी या दोघांची जुंपे आणि शेवटी दोघेही माझ्याकडे वळत.

मी मंडळीचा चिटणीस. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. माझ्या मते दोघेही दुसऱ्याच्या घरी शिजलेल्या माशावरून समुद्राविषयी भांडत होते. मला ग्रीक थोडे येते आणि हिब्रू त्याहून थोडे. हिब्रू मुळाक्षरे मी तरुणपणी रोहेकरकाकांकडून शिकलो. ते शनवार तेली समाजातले, गावातल्या शेवटच्या काही यहुदी घरांपैकी एका घरचे. इस्राएलला जाण्यापूर्वी त्यांनी मला एक जुने हिब्रू पुस्तक देऊन टाकले. त्या भांडवलावर मी गेली कित्येक वर्षे या मंडळीत न्यायाधीश होतो, आणि ते काम मला आवडत असे, हे लपवण्यात अर्थ नाही.

केसर मध्ये आली नसती तर हा वाद चहाच्या कपांबरोबर विसळला जात राहिला असता.

केसर बाजारात सुकी मासळी विकते. वय अडतीस. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न काशीदजवळच्या एका कोळी घरात झाले. सहा वर्षांनी नवऱ्याने, रितेशने, दुसरी बाई घरात आणली आणि हिला माहेरी पाठवले. जमात बसली, पाच जणांसमोर रितेशने गवताची काडी मोडली, आणि पूर्वापार चालीप्रमाणे दोघे एकमेकांपासून मोकळे झाले. पुढे आपल्या मावशीच्या, सोनाबाईच्या, पाठोपाठ ती मंडळीत आली. तिचा बाप्तिस्मा होऊन आता नऊ वर्षे झाली.

हरेश्वर आमच्याच मंडळीतला. होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आहे. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली. शास्त्र स्वतः वाचता यावे म्हणून त्याने चाळिशीत माझ्याकडे येऊन वाचन पक्के केले. माझ्या तोंडून आलेला शब्द तो खिळा ठोकल्यासारखा मनात ठोकून ठेवी. त्याने आणि केसरने लग्न करण्याचे ठरवले. पावसाळ्यामुळे होड्या बंद होत्या, पुरुष घरी होते, नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जाण्याआधी लग्न उरकावे असा विचार होता. कचेरीत जाऊन सही करून या, असे कोणीतरी सुचवले तेव्हा हरेश्वर म्हणाला, "देवासमोर न्हाय झालं तर ते माझं लगीन न्हाय." केसरचेही म्हणणे तेच होते. एकदा पाच माणसांसमोर तिचे नाते मोडले होते. आता छत्तीस माणसांसमोर ते जुळावे, एवढेच तिला हवे होते.

मंडळीच्या नियमावलीतले अकरावे कलम असे होते: "ज्या व्यक्तीची सोडचिठ्ठी झाली आहे, तिचा पुनर्विवाह पंचांच्या संमतीने मंडळीत लावता येईल." ही नियमावली मूळ इंग्रजीत होती. तिचे मराठी मी केले, सत्तावीस वर्षांपूर्वी. त्या वेळचे वृद्ध पाळक म्हणाले होते की 'काडीमोड' हाही शब्द घालावा, आपली माणसे तोच बोलतात. मी तो घालू दिला नाही. एका अर्थासाठी दोन शब्द ठेवणे हे गबाळेपण आहे, असे मी त्यांना सांगितले. 'घटस्फोट'ही मी नाकारला, कारण त्या शब्दाच्या मुळाशी बहिष्कृताच्या नावाने घडा फोडण्याचा विधी आहे. 'सोडचिठ्ठी' मला निर्मळ वाटला.

जुलैच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही चार पंच बसलो: पाळक, हर्षद, सोनाबाई आणि मी. केसर व हरेश्वर भिंतीकडच्या बाकावर, मध्ये एक माणूस बसेल इतके अंतर ठेवून.

पाळकांनी काळे पुस्तक उघडले. "मी पर्सनली केसरताईंच्या विरोधात नाही. पण वचन ते वचन." जुन्या कराराच्या शेवटच्या संदेष्ट्याच्या ग्रंथातले एक वचन त्यांनी इंग्रजीत वाचले आणि मराठी करून सांगितले, "देव म्हणतो, बायकोला बाजूला ठेवण्याचा मला तिरस्कार आहे."

सोनाबाईने मान वर केली. "बाजूला म्हंजे, म्हयन्याचं? ते तर आमच्या घरात कवाच बंद झालं, पाळकबुवा."

हर्षदला हसू आवरेना. पाळक लाल झाले. "तसं नाही, मावशी. इंग्रजीत शब्दच तसा आहे. दूर ठेवणं."

"मग टाकनं म्हना की सरळ. बाईला ठेवतात बी आनि टाकतात बी. दोन्ही येगळी दुखनी हायत."

"बरं, टाकणं. देवाला त्याचा तिरस्कार आहे. म्हणजे पहिलं लग्न देवाच्या लेखी शाबूत. मग दुसरं कसं लावू मी?"

हर्षदने मोबाइल पुढे केला. "इथे बघा. नव्या भाषांतरात तिरस्कार देव करतच नाही. जो नवरा बायकोचा तिरस्कार करून तिला सोडतो, तो अन्याय करतो, असं आहे. दोष त्या रितेशचा. ताईंना शिक्षा कशाला?"

"तुमच्या मोबाइलमध्ये दर अपडेटला देवाचं मत बदलतं."

"आणि तुमच्या देवाला चारशे वर्षांत नवीन इंग्रजी शिकायला वेळ मिळाला नाही."

"पुरे," सोनाबाई म्हणाली. "सरांना विचारा."

मी तयारीनेच आलो होतो. रोहेकरकाकांचे पुस्तक पिशवीतून काढले, ते पान उघडले आणि क्रियापदावर बोट ठेवले. ते तृतीय पुरुषी आहे, 'त्याने तिरस्कार केला' असे. याच ग्रंथात देव स्वतःविषयी बोलतो तेव्हा बहुधा 'मी' म्हणतो. मग या एका ठिकाणी त्याने स्वतःला 'तो' का म्हणावे? जुन्या भाषांतरकारांनी येथे कर्ता देव धरला. ते अगदीच अशक्य नाही, परंतु वाक्याची घडण पाहता कर्ता नवरा असण्याचा संभव अधिक. वीस मिनिटे मी हे समजावून दिले. शेवटी पाळकांनी काळे पुस्तक बंद करून मांडीवर ठेवले.

केसरला हिब्रू कळत नव्हते, पण पाळकांचा चेहरा कळत होता. इतका वेळ ती बाकाच्या कडेवर टेकून बसली होती. आता तिने पाठ भिंतीला लावली. हरेश्वरने तिच्याकडे पाहिले आणि लगेच खाली पाहिले. पाळक म्हणाले, "ठीक आहे सर. माझा आग्रह नाही."

सभा तेथेच संपायची. पण हर्षद विजयाने म्हणाला, "म्हणजे आमचंच भाषांतर करेक्ट निघालं."

हे मला सहन झाले नाही.

"तुमचेही अचूक नाही," मी म्हणालो. "तुमच्या इंग्रजीत येथे घटस्फोटाचा शब्द आहे. मुळात नाही. मुळात फक्त 'पाठवून देणे' आहे. जुन्या नियमशास्त्रात बायकोला पाठवून देणे वेगळे आणि तिच्या हाती लेख देणे वेगळे. लेख हाती असला तर ती मोकळी. लेखावाचून पाठवलेली बाई धड त्याची नाही, धड कोणाची नाही. तुमचा इंग्रजी शब्द या दोन गोष्टी एका घासात गिळतो. जुन्या भाषांतराला निदान हा फरक ठाऊक आहे." पाळकांनी मान वर केली. त्यांच्यावरही थोडी कृपा केल्याचे समाधान मला वाटले. "परंतु दोन्ही अंगे एका शब्दात नेमकी धरणारी भाषा एकच आहे, मराठी. सोडचिठ्ठी. सोडणे आणि चिठ्ठी. या शब्दापुढे तुमची दोन्ही इंग्रजी भाषांतरे पाणी भरतील. सोडले पण लिहून दिले नाही, तर ती सोडचिठ्ठी नव्हे. चिठ्ठी नाही तर सोडचिठ्ठी नाही."

मी पुस्तक मिटले. मग पाळकांनी विचारले, आणि त्यांच्या स्वरात सूड नव्हता, केवळ शंका होती, हे मला नमूद केले पाहिजे:

"सर, आपल्या नियमावलीत कोणता शब्द आहे?"

"सोडचिठ्ठी."

"मग केसरताई, तुमची चिठ्ठी आहे ना?"

केसर हसली. तिला वाटले, पाळक पुन्हा शब्दात चुकले. "चिठ्ठी कसली? काडी मोडली ना पाच जनांसमोर. आमच्यात त्यालाच सोडचिठ्ठी बोलतात." मग कोणी हसत नाही असे पाहून ती माझ्याकडे वळली. "व्हय ना, सर?"

"तुमीच लिवलंय ते कलम," सोनाबाई म्हणाली. "सांगा यांना, काडी बी त्यात येते म्हनून."

येत होती. मुरूडपासून उरणपर्यंत ज्यांनी आयुष्यात कागद पाहिला नाही अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या काडी मोडतात आणि तिला सोडचिठ्ठी म्हणतात. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत नसतो, वापरात असतो, हे मी चौतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. एका वाक्यात सांगता आले असते. परंतु चिठ्ठी नाही तर सोडचिठ्ठी नाही, हे वाक्य अजून त्या खोलीत होते, आणि ते चांगले वाक्य होते.

"शब्द इतका ताणता येत नाही, सोनाबाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग मानूस ताना."

तोडगा हर्षदने काढला. त्यात अवघड काय आहे? रितेशकडून दोन ओळी लिहून आणाव्यात. काडी त्यानेच मोडली आहे, कागदाला तो कशाला नाही म्हणेल? मसुदा मी करतो, असे मी म्हणालो. सगळ्यांना हायसे वाटले.

मंगळवारी मी आणि केसर रिक्षाने काशीदला गेलो. पर्यटक नव्हते. निळ्या ताडपत्रीखाली रितेश आपल्या शहाळ्यांच्या टपरीत रिकामाच बसला होता. केसरला पाहून तो उठला नाही. मी मसुदा दिला. सहा ओळींचा होता आणि त्यात एकही शब्द अधिक नव्हता. 'मी, खाली सही करणार, माझी पत्नी केसर हिला आज दिनांकापासून या लेखान्वये सोडत आहे.' लेखाला दिनांक हवाच, आणि जो लेख आज होतो त्याला मागचा दिनांक घालणे हे असत्य. म्हणून 'आज दिनांकापासून'.

रितेशने तो बोट फिरवत वाचला. मग पुन्हा वाचला.

"हे कशाला? काडी मोडली की तवाच."

"मंडळीला लेखी हवे," मी म्हणालो.

"म्हंजे लेखी न्हाय तवर ती सुटली न्हाय?"

"सुटली हाय," केसर म्हणाली. "तू मोडलीस. तुझ्या बापानं पायलंय. सही कर."

"मी तुला न्हाय इचारत. सरांना इचारतो. शिकलेलं हायत ते." तो माझ्याकडे बघून हसला. "सांगा सर. हितं 'माझी पत्नी' लिवलंय. 'आज' लिवलंय. मग काल कोन होती ती माझी?"

मी म्हणालो की हा केवळ मसुद्याच्या भाषेचा प्रश्न आहे. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"बगू," तो म्हणाला. "नाव काय त्याचं, कोनाशी करते ते?"

"तुला काय करायचंय?" केसर म्हणाली.

"माझी बायको लगीन करते, नि मी इचारू बी नको?"

परतताना रिक्षा बोर्लीला आली. केसर रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "तेरा वर्सं तो माझ्या वाटंला आला न्हवता, सर."

आठ दिवसांनी तो रेवदंड्याच्या बंदरावर आला. हरेश्वर होडीला रंग देत होता. चार माणसांसमोर रितेशने खिशातला कागद काढला, माझ्या अक्षरातला, आणि म्हणाला, "वाच. तुला वाचता येतं म्हनतात. तुमच्याच चर्चचा कागद हाय. माझी बायको हाय अजून." त्याला केसर नको होती. दुसरीशी त्याचा संसार चालू होता. पण हाती आलेली वस्तू फुकट कोण सोडतो? सही त्याने केली नाही, आणि कागदही परत दिला नाही.

त्या संध्याकाळी हरेश्वर माझ्या ओसरीवर आला. बसला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला. "सर, ती त्याची बायको हाय का?"

मी अर्धा तास बोललो. कायदा जमातीच्या रूढीला मान देतो, न्यायालयात काडीमोड सिद्ध करता येते, नियमावलीचा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे, आणि शास्त्रार्थाचा त्याहून स्वतंत्र. हे सर्व मी क्रमाने मांडले. त्याने मध्ये कुठेही अडवले नाही. माझे संपले तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे तुमाला बी नक्की सांगता येत न्हाय." आणि निघाला.

ती दुसऱ्याची असेल या शंकेवर तो तिला हात लावणार नव्हता. लग्न झाले नाही. नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या. केसर उपासनेला येईनाशी झाली. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका तिला गमतीने 'काशीदची सूनबाई' म्हणू लागल्या. ते नाव तिने तेरा वर्षांपूर्वी टाकले होते. रितेश आता अधूनमधून बाजारात येऊन तिच्या पाटीसमोर उभा राही, काही न घेता निघून जाई.

सप्टेंबरच्या सभेत मी स्वतः दुरुस्ती मांडली. अकराव्या कलमात 'सोडचिठ्ठी' या शब्दानंतर 'घटस्फोट अथवा काडीमोड' हे शब्द घालावेत. दहा मिनिटांत ती मंजूर झाली. पाळकांचा आणि हर्षदचा हात एकाच वेळी वर गेला. हे पूर्वी कधी घडल्याचे इतिवृत्तात मला आढळले नाही. "सर, मराठी असावी तर अशी," पाळक म्हणाले. सोनाबाईने हात वर केला आणि खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरावाची प्रत घेऊन मी बंदरावर गेलो. हरेश्वर आदल्या रात्री परतला होता. फाटलेले जाळे पायाच्या अंगठ्यात ताणून सुईने शिवीत होता. थोड्या अंतरावर मासळीची वाट पाहणाऱ्या बायकांच्या रांगेत केसर होती. मी ठराव वाचून दाखवला. जरा मोठ्याने वाचला, तिलाही ऐकू जावा म्हणून.

हरेश्वरने सुई थांबवली. "शब्द बदलला."

"बदलला. आता अडचण नाही. तू म्हणशील त्या रविवारी."

"बरं केलंत." त्याने दोरा दाताने तोडला. "पन सर, त्या दिवशी तुमी बोललात, चिठ्ठी न्हाय तर सोडचिठ्ठी न्हाय. ते खोटं होतं का?"

त्याला लग्नाला होय म्हणायचे होते. त्याला माझ्याकडून एवढेच हवे होते की मी चुकलो होतो, मग त्या चुकीच्या पलीकडे जाऊन तो लग्न करणार होता. मला हे दिसत होते. परंतु शास्त्रातल्या लेखाविषयी मी जे सांगितले ते खोटे नव्हते. कोणताही जाणकार तेच सांगेल.

"खोटे नव्हते," मी म्हणालो. "अपुरे होते."

त्याने पहिल्या दोन शब्दांवर मान डोलावली. पुढचे त्याच्यापर्यंत पोचले की नाही, कोण जाणे. "मग झालं," तो म्हणाला. "नियम तुमी बदलू शकता. खरं कसं बदलनार?" आणि त्याने सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

केसर रांग सोडून आमच्याकडे आली होती. रिकामी पाटी कमरेवर होती. "सर," ती म्हणाली, "अपुरं म्हंजे काय वो?"

मी तिला सांगितले. शब्दाचा एक अर्थ त्याच्या घटकांतून येतो, दुसरा लोकांच्या वापरातून येतो. आणि या किनाऱ्यावर त्या शब्दाचा वापर काडीलाही लागू होतो, नेहमीच होत आला आहे. तिने नीट ऐकून घेतले.

"म्हंजे मी त्या दिवशी बोलले तेच."

"हो."

"आनि हे तुमाला त्या दिवशी म्हायत न्हवतं?"

"माहीत होते," मी म्हणालो.

हरेश्वर जाळ्यावरून मान वर करील असे मला वाटले होते. त्याने केली नाही. एक होडी धक्क्याला लागली, बायका पुढे सरकल्या, आणि केसर आपली जागा जाऊ नये म्हणून घाईने मागे फिरली.